हयातीचा दाखला, नग तेवीस

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांच्या खोलीतल्या कपाटात तेवीस जिवंत काडतुसे सापडली. बाबा पहारेकरी होते. एकतीस वर्षे एका बँकेच्या दारात स्वतःची दुनळी घेऊन उभे राहिले आणि त्यांनी एकदाही बार काढला नाही. निवृत्त झाल्यावर बंदूक त्यांनी परवाना शाखेत जमा केली. काडतुसे घरीच राहिली, कारण अर्जात फक्त बंदुकीचा रकाना होता आणि बाबा रकान्याबाहेर कधी गेले नाहीत.

काडतुसे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात होती. आत ओल शोषणाऱ्या पुड्या, बाहेर कुलूप, झाकणावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘कोरडे ठेवा. विस्तवापासून दूर. दर सहा महिन्यांनी पुड्या बदला.’

“माझे कानातले कधी एवढे जपले नाहीत,” आई म्हणाली आणि बाबांच्या खाटेवर बसून रडली. ती रोज तिथेच बसायची. बाकीच्या घरात तिला करमत नसे.

मी परवाना शाखेत अर्ज केला: ‘जिवंत काडतुसे, नग तेवीस. परवानाधारक मयत. कृपया ताब्यात घ्यावीत.’

कारकुनांनी तो दोनदा वाचला. “ताई, जिवंत लिहिलंय तुम्ही. कशावरून?”

“उडवलेली नाहीत म्हणून.”

“ते तुम्ही म्हणता. हयातीचा दाखला जोडलाय?”

“काडतुसांचा?”

“मग काय माझा? जिवंत माल आमच्याकडे, मेलेला भंगार शाखेकडे. उद्या मेलेला निघाला तर निस्तरायचं कुणी?”

दाखल्यासाठी काडतूस उडवून पाहणे आवश्यक होते. उडालेले काडतूस जिवंत राहत नाही. म्हणजे तेवीस दाखले मिळेपर्यंत जमा करायला एकही नग उरणार नव्हता. ही अडचण कारकुनांनी शेरा म्हणून नोंदवून घेतली. शिवाय उडवायला बंदूक हवी. ती त्यांच्या पाठीमागच्याच कपाटात होती, पण परवानाधारकाने समक्ष येऊन मागायला हवी होती.

“ते वारलेत.”

“म्हणजे येणार नाहीत?”

“तसा त्यांचा विचार दिसत नाही.”

“मग तसं लेखी द्यायला सांगा त्यांना.”

निर्णय होईपर्यंत साठा ‘दीर्घकालीन सुरक्षित साठवणूक’ या सदराखाली सापडला त्याच जागी ठेवावा, असा आदेश निघाला. चार दिवसांनी तपासणीस घरी आले. त्यांनी डबा पाहिला, चिठ्ठी वाचली. “आमच्या भांडारातसुद्धा एवढी शिस्त नाही हो,” ते म्हणाले. मग कर्तव्य आठवून त्यांनी हवेतली ओल मोजण्याचे यंत्र काढले. काटा चढलेला होता. त्यांची नजर भिंतीवरून छताकडे, छतावरून खिडकीकडे गेली आणि खाटेवर बसलेल्या आईपाशी थांबली.

“मावशी, इथे रडता का?”

“रडते.”

“साधारण किती?”

“मोजलं नाही हो कधी,” आई ओशाळून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाराला सील लागले आणि सूचना चिकटली: ‘दारूगोळा भांडार. आत पाणी उकळणे, कपडे वाळत घालणे व शोक करणे यांस मनाई. परवानाधारकाखेरीज कोणासही प्रवेश नाही.’

आई बाहेर खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसू लागली. तिथे रडायला मोकळीक होती. पण तिथे तिला रडू येईना. जेवणही जाईना.

मी पुन्हा शाखेत गेले. “काडतुसं शंभर वर्षं तिथेच ठेवा. आईला तेवढी खोली द्या.”

कारकुनांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. “ताई, घोळ तुम्हीच घातलात. मयत कशाला लिहिलंत? हयात, पण अंथरुणाला खिळलेले, असं लिहा. मग खोली त्यांची. सेवेसाठी बायकोला आत बसता येतं. आजाऱ्याच्या उशाशी रडायचंही कलम आहे. काडतुसांचा दाखला अवघड हो. माणसाचा काय, पाच मिनिटांत देतो.”

आईला सांगताना वाटले, ती चिडेल.

“लिही,” ती म्हणाली. “एका तरी कचेरीत असू देत ते.”

धारक हयात असल्याचे सांगणारे दोन प्रतिष्ठित साक्षीदार हवे होते. पहिली सही शेजारच्या मुख्याध्यापकांनी केली. बाबांच्या शोकसभेत सर्वांत लांब भाषण त्यांचेच झाले होते. “आपल्या माणसासाठी एवढं करायलाच हवं,” म्हणत त्यांनी ‘प्रकृती उत्तम’ असा शेराही स्वतःहून घातला. ‘अंथरुणाला खिळलेले’ या शब्दांवर मी बोट ठेवले.

“अगं, कागद वाचतं कोण?” ते म्हणाले.

दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. साक्षीदार धारकाला ओळखणारा हवा, एवढीच अट. तुम्ही आता बाबांना ओळखता. त्यांचा डबा पाहिलात, चिठ्ठी वाचलीत. आई अजून खुर्चीवर बसली आहे. अशी मान हलवू नका. आजवर जिथे जिथे सही केलीत, तिथे कोण जिवंत आहे हे बघून केली होतीत का?