डोमाभाऊंची बोलकी फ्रेम

माझ्या लग्नाची बोलणी कारध्याला झाली. मुलीकडच्या ओसरीवर सगळे चहा घेत बसले होते, सासरे मोठ्या उत्साहानं आपल्या घराण्याची माहिती देत होते आणि आमच्याबरोबर आलेल्या डोमाभाऊंनी एकदम बोट वर केलं. "आयकलं का?"

मुलाकडचे आता काहीतरी मागणार, या धास्तीनं सासऱ्यांनी हातातली बशी खाली ठेवली. डोमाभाऊ शांतपणे उठले, स्वयंपाकघराच्या दारामागं उकिडवे बसले आणि खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढून त्यांनी बिजागरीत तेल सोडलं. दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, हात धोतराला पुसले आणि परत येऊन म्हणाले, "हं, आता बोला."

सानगडीत डोमाभाऊ आमचे शेजारी आहेत. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात, हे तेलाची कुपी ठेवतात. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशाखाली पिवळा डाग आहे. कुठं काही कुरकुरलं की बोट वर जातं आणि कुपी बाहेर येते. आमच्या गल्लीतलं एकही फाटक, एकही पाळणा, एकही पंखा आवाज करत नाही. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. डोमाभाऊंनी चोरांची चांगली सोय करून ठेवलीय, असं माझी बायको म्हणते.

या छंदाचं मूळ भीतीत आहे. डोमाभाऊ पूर्वी धानाच्या गिरणीचा ट्रक चालवायचे. एकदा ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, कुरकुरायला लागला. ही खेप झाली की पाहू, असं म्हणत ते गाडी हाकत राहिले आणि नहराच्या वळणावर पाटा तुटला. माणसं वाचली, धानाची पोती पाण्यात गेली. "पाटा सांगून राहिला होता ना बाप्पा," ते अजूनही सांगतात, "मीच नाई आयकलं." तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू आता तुटणार, अशा हिशेबानंच हा माणूस जगतो. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसण्याआधी ते त्याला बोटाच्या पेरानं ठोकून पाहतात. त्या स्टुलावर रोज तेच बसतात, तरी पाहतात.

अशा माणसाच्या पोटी मोनाली जन्मली. भंडाऱ्याला कॉलेजात असताना तिला सायकलीचं वेड लागलं. साधी सायकल नव्हे, दगडधोंड्यांतून, जंगलातून, टेकडीवरून खाली सोडायची ती डोंगरी सायकल. शिक्षण संपलं आणि तिला थेट उत्तराखंडात काम मिळालं. पर्यटकांना सायकलीवरून डोंगर फिरवायचे. धानकापणी आटोपली की निघायचं, आणि अट एकच, सायकल स्वतःची आणायची. सायकल नाही तर काम दुसऱ्याला.

गल्लीला वाटलं, डोमाभाऊ आता अंथरूण धरणार. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बापलेक दोघंच. पण डोमाभाऊ इतकंच म्हणाले, "जाय. पण फ्रेम मी पाहीन."

जुन्या सायकलीची चाकं, गिअर, हँडल चालण्यासारखं होतं. फक्त फ्रेम नवी हवी होती. त्यामुळं मोनालीला वाटलं, बरंच स्वस्तात सुटलो. मी डोमाभाऊंना जास्त ओळखतो, म्हणून मला त्याच दिवशी घाम फुटला. कारण गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान माझं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन, स्टूल ठोकून, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले.

मोनालीनं सुरुवातीलाच मागच्या चाकालाही शॉकअप असलेली फ्रेम दाखवली. "जितले सांधे तितला आवाज," म्हणून ती बाद झाली. समोर शॉकअप आणि मागं नुसत्या सरळ नळ्या, या प्रकाराला हार्डटेल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मग मोनालीनं अ‍ॅल्युमिनियमची दाखवली. "बाबा, हलकी असते. सारे हेच घेतेत."

"अ‍ॅल्युमिनियम बोलत नाई," डोमाभाऊ म्हणाले. "लोखंड कुरकुरते, चीर दाखवते, मंग तुटते. कोण्याबी गावात वेल्डिंगवाला जोडून देते. हे अ‍ॅल्युमिनियम काईच सांगत नाई अन् एकदम जाते. तुही माय..."

तिथंच ते थांबले. वहिनींचं दुखणं कुणालाच कळलं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत त्या 'मले काई नाई होत' म्हणत भात रांधत होत्या. मोनालीनं त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमचं नाव काढलं नाही.

पोलाद ठरलं. पण पोलादात तरी कोणतं? एक होती पातळ नळ्यांची, चढावर हलकी जाणारी. तिचा फोटो बघूनच डोमाभाऊंना धाप लागली. दुसरी जाडजूड. "हे तं पलंग आहे, पोट्टी चढावर कशी नेईल?" तिसरी मधली, क्रोमोली नावाच्या पोलादाची. हँडलखालच्या जोडाला आणखी एक पट्टी लावलेली, मागं जाड टायर मावेल एवढी जागा, सामान बांधायला भोकं. चढ, उतार, जंगल, ओझं, सगळ्याला चालेल अशी. मोनाली म्हणाली, हीच. डोमाभाऊ म्हणाले, हीच. मी ऑर्डर टाकली. संध्याकाळी डोमाभाऊ परत आले. "अनिल, रद्द कर."

"का?"

"आवाज आयकल्याबिगर कशी घ्याची?"

मग पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. "जरा ठोकून दाखवा ना, साहेब." तो भला माणूस होता, त्यानं ठोकली. फोन स्पीकरवर, डोमाभाऊंचे डोळे मिटलेले, बोट वर, आणि जातीच्या दाखल्यासाठी आलेली माणसं हातात कागद धरून जागच्या जागी उभी. "पुन्हा ठोका." पुन्हा ठोकली. ऑर्डर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाची तरी तुटलेली फ्रेम मोबाइलवर पाहिली, ऑर्डर रद्द झाली. तिकडं कापणी आटपत आली होती. मोनाली दुकानाच्या पायरीवर बसून नखं कुरतडायची आणि माझं ब्लड प्रेशर बापाचं ऐकावं की लेकीचं, या विचारात वर-खाली व्हायचं. शेवटी एकदा ऑर्डर टाकून मीच कॉम्प्युटर बिघडल्याचं जाहीर केलं. म्हणून ती फ्रेम सानगडीला पोचली.

सायकल त्यांच्या अंगणात जोडली गेली आणि परीक्षा ठरली. किल्ल्याच्या टेकडीवरून दगडांतून खाली, जंगलातल्या वाटेनं वळसा आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, परत. आम्ही दोघं पाळीवर उभे राहिलो. मोनाली टेकडीवर दिसली, मग झाडांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

यायला हवी होती तेव्हा ती आली नाही. डोमाभाऊंचं बोट वर गेलं. मीही कान दिले. बगळे, वारा, लांब कुठंतरी हार्वेस्टर. मी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "काही आवाज नाही म्हणजे काही तुटलं नाही."

"तसं नसते," ते म्हणाले. "पडली असंन तरी आवाज येणार नाई. तिची मायबी..."

"बाबा!"

मोनाली आमच्या पाठीशी उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर हसू. वाट चुकून पाळीच्या दुसऱ्या टोकानं आली होती आणि आम्हाला पत्ताच लागला नव्हता. "मस्त आहे बाबा! दगडावरून सोडली तरी एक आवाज नाई करत!"

मला वाटलं, आता डोमाभाऊ खूश होतील. त्यांनी फ्रेमला पेरानं ठोकलं, कान लावला आणि घराची वाट धरली. आयुष्यभर जिच्या मागं लागले ती शांतता हाती आली होती आणि माणूस हरवल्यासारखा चालत होता.

निघायच्या आदल्या दिवशी सायकल खोक्यात भरण्यासाठी मोकळी केली. डोमाभाऊंनी प्रत्येक जोडाला ग्रीस लावलं. फक्त सीटचा पाइप तेवढा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आतून-बाहेरून घासून घासून कोरडा केला. मला सायकलीतलं काही कळत नाही. मी खोक्याला टेप लावत होतो.

मोनाली गेली. पहिले काही दिवस तिचे फोन यायचे ते असे: बरी आहे, जेवली, ठेवते. डोमाभाऊ "बरं" म्हणायचे आणि फोन बंद झाल्यावरही कानाला धरून बसायचे. मग एका संध्याकाळी ते फोन घेऊन जवळजवळ धावतच दुकानात आले. "आयकलं का? कुरकुर करून राहिली!"

फोनमधून मोनाली सांगत होती, सायकल कुरकुरते. डोमाभाऊंच्या आवाजात जोर आला. "चढावर का उतारावर? कोणता चढ? संग कोण होतं? थंडी किती आहे? जेवून निघाली होती का? उपाशी माणूस पायडल येडंवाकडं मारते, त्याचाबी आवाज येते." बराच वेळ असं चाललं. तिनं काय खाल्लं, कुणाशी मैत्री झाली, खोलीत ऊन येतं की नाही, सगळं त्या कुरकुरीच्या निमित्तानं बाहेर आलं. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी हाच कार्यक्रम. मोनाली फोनवर आवाज ऐकवायची, डोमाभाऊ निदान करायचे, पण इलाज असा सांगायचे की आवाज काही बंद होऊ नये.

एक दिवस मला तो दुपट्टा आठवला. कुरकुरावा म्हणून या माणसानं मुद्दाम पाइप कोरडा ठेवला! पोरगी डोंगरात, आणि त्यातून काही तुटलं तर? मी दुकानाबाहेर येऊन मोनालीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

ती हसायला लागली. "काका, ते तं मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. पाइप काढून ग्रीस लावलं. सायकल अगदी चूप आहे."

"मग आवाज?"

"माह्या खोलीच्या दरवाजाचा. बाबाले नका सांगू. सायकल चांगली आहे म्हटलं तं बाबा 'बरं' म्हणते अन् गप्प बसते. मले बी मंग करमत नाई."

मी कबूल केलं. पण इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवणं माझ्यासारख्याला जड जातं. पुढचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर कागद उगाच खालीवर करत राहिलो. स्पीकरमधून लांबलचक कर्रर्र असा आवाज आला. डोमाभाऊंनी डोळे मिटले, बोट वर केलं, पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. "सीटचा बोल्ट जरासा कसून पाहाय," असं सांगून मग जेवणाखाणाची चौकशी निवांत झाली. फोन संपला.

त्यांनी खिशातली कुपी काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

"लाकडाचं कवाड आहे," ते म्हणाले. "वरची बिजागरी कोरडी पडली."

मी कागद खाली ठेवले. "कोणतं कवाड?"

"पोट्टीच्या खोलीचं. सायकल अशी थोडीच बोलते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. मले नाई समजणार तं कोणाले समजंन?"

"मग तिला सांगा ना, तेल दे म्हणून."

डोमाभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. इतका खुळा माणूस आपल्या शेजारी राहतो, याचं त्यांना बहुधा वाईट वाटलं असावं.

"सांगतलं तं देऊन टाकंन ना ते," ते म्हणाले.