वानखडे काकांची मांडणी

जठारपेठेत आमच्या शेजारच्या वानखडे काकांकडे चहाला गेलात, तर कप उचलण्याआधी विचारून घ्या. तो कप चित्रातला असू शकतो.

निवृत्त झाल्यावर काका स्थिरचित्रं काढू लागले. खिडकीजवळच्या टेबलावर तांब्या, वांगी, चष्म्याचं घर, हाताला लागेल ते मांडायचं आणि समोर रंग घेऊन बसायचं. एकदा मी मोर्शीहून संत्री आणली. काकांनी ती लगेच टेबलावर रचली. मी सोलायला एक उचललं.

“ठेव बापू ते! उजेड बसून राहिला त्याच्यावर.”

चित्र पूर्ण होईपर्यंत संत्री सुकून लिंबाएवढी झाली. चित्रात मात्र रसरशीत.

“काका, या चित्राचा अर्थ काय हो?”

“अर्थ कायचा? समोर हाये तवर पाहून घ्याचं. बस!”

माणसांची चित्रं ते काढत नाहीत. आमच्या हिनं हौसेनं स्वतःचं मागितलं, तर म्हणाले, “माणूस बसत नाही पोरी. त्याले कुठंतरी जायाचं असते.” आणि तिच्या हातातल्या डब्याचं चित्र काढायला घेतलं. डबा अजून परत आलेला नाही.

काकू गेल्यापासून काका एकटेच. मुलगी स्वाती बंगळुरूला असते. यंदा दिवाळीला ती आली होती. निघायच्या दिवशी दुपारी तिला स्टेशनवर सोडायला मी कार काढली. आत जाऊन बघतो, तर तिची बॅग टेबलावर! शेजारी पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा, वरून सोडलेली ओढणी. काका पेन्सिल चालवत होते आणि स्वाती चपला घालून दारात उभी.

“बाबा, गाडी सुटन नं!”

“दोन घंटे दे. हलवू नको, मांडणी मोडते.”

“काका, फोटो काढून घ्या ना,” मी सुचवलं.

“फोटो एका मिनटात होते,” काका म्हणाले. मान वर केली नाही.

स्वाती त्यांच्याकडे बघत राहिली. पेन्सिल मघापासून एकाच रेघेवरून फिरत होती.

“दादा, तुम्ही कार ठेवून द्या,” ती मला म्हणाली. “मी उद्या जाईन.”

तिनं चपला काढल्या आणि टेबलाच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

“बाबा, ह्या राहिल्या होत्या.”

काकांनी एक डोळा मिटून नीट पाहिलं.

“डावी जराशी तिरपी कर,” ते म्हणाले.