तांब्याभर पाण्याचं तिकीट

महाराष्ट्र दिनाच्या सकाळी पुंडलिकनगरातून त्रिंबकरावांची जुनी लाल बस निघाली, तेव्हा त्यांच्या पत्नी सारजाबाई दारात उभ्या राहून तिकिटं देत नव्हत्या, घेत होत्या. माणशी एक तांब्या पाणी ओता आणि चढा. बाकी सगळं फुकट.

कारण बसचं रेडिएटर गळत होतं. त्रिंबकराव, त्यांच्यासारखेच दोन रिटायर ड्रायव्हर आणि अंगद फिटर, अशा चौघांनी दोन वर्षं खपून ही बस भंगारातून उठवली होती. सारजाबाईंच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता गिअरच्या दांड्यावर चढला होता, म्हणून दोन वर्षं घरात लसणाची चटणी झाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना फिरवून आणायचं, एवढीच हौस. पण बस उभी राहायची काकासाहेबांच्या प्लॉटवर, आणि काकासाहेबांना तिथं आता सात मजले चढवायचे होते.

"पडेगावला जाऊन दिवस मावळायच्या आत स्वतःच्या इंजिनावर परत आली, तर पार्किंगमधी तिला कायमची जागा," काकासाहेबांनी अट घातली होती. "कुणी धक्का मारला, की सकाळी भंगारवाला."

आणि नजर ठेवायला पांढरेशुभ्र कपडे घालून ते स्वतःच पुढच्या सीटवर बसले होते.

शहागंजात गर्दी अशी लोटली, की एक आजोबा खिडकीतून आत आले आणि समोरच्या खिडकीतून बाहेर पडले. हॉर्न वाजला की छावणीतल्या म्हशी पान्हावत होत्या. पण त्या साली ऊन असं, की रस्त्याचं डांबर टायरला चिकटून बसबरोबर निघालं होतं. पडेगावला वळसा घालून परत फिरल्यावर उतारावर बसनं वाफेचा लोट सोडला आणि मान टाकली.

"पाणी संपलं," अंगद बॉनेटमधून बोलला.

"डब्यात ठेवलेलं?"

"पॅसिंजरनी पिलं, काकू. तिकीट भरलं आन् तिकीटच पिलं!"

काकासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "भंगारवाल्याला सांगून ठिवतो."

"ठिवा खाली त्यो फोन," सारजाबाई म्हणाल्या. "दिवस मावळायला लई येळ हाय."

उताराच्या खाली टँकर उभा होता आणि त्याच्यापुढं हंड्यांची रांग. सारजाबाई बादली घेऊन तरातरा गेल्या. रांगेचा कारभार मनकर्णाबाईंकडं. हातात काठी, नजर घारीची.

"एक बादली द्या बाई. यष्टी तहानली."

"नंबर लावा. हितं नंबर भांड्याचा असतो, माणसाचा नाय. पाणी ज्याच्यात ऱ्हाणार, ते भांडं रांगंत पायजे. परवा एक बादली लावून मागं चार ड्रम भरून नेले लोकांनी. तवापासून कायदा हाय."

सारजाबाईंनी एकदा बादलीकडं पाहिलं, एकदा बसकडं. मग उतारावर ओरडल्या, "अवो, ब्रेक सोडा! गाडी रांगंत आणा!"

आणि बस खरोखरच शेवटच्या घागरीमागं येऊन उभी राहिली. एक हंडा भरला की रांग हातभर सरकायची, त्रिंबकराव ब्रेक ढिला करायचे, बस हातभर सरकायची. काकासाहेब दर वेळी खिडकीतून वाकून पाहायचे, कुणी ढकलतंय का.

"उतार हाय, मालक," त्रिंबकराव म्हणाले. "त्याला काय तुमची अट लागू नाय."

दीड तास बस अशी सरकली. हंडे भरलेल्या बाया बाकीच्यांसाठी बाजूला थांबल्या होत्या. पुढं एकच घागर उरली, ती भरली आणि टँकरच्या नळानं शेवटचा थेंब टाकला.

त्रिंबकराव स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. "संपलं, सारजे."

"काय संपलं? समोर तीस हंडे भरल्यात, दिसंना का?" सारजाबाई वळल्या. "मनकर्णाबाई, तुमची वस्ती कुठं?"

"शहराच्या अंगाला. एक कोस."

"डोक्यावर घिऊन जाणार, का बसून? तिकीट माणशी एक तांब्या."

मनकर्णाबाईंनी उन्हाकडं पाहिलं, मग बायांकडं. "चला गं!"

तीस तांबे रेडिएटरात गेले. पुरुष पॅसिंजर उभे राहिले, बाया बसल्या, आणि काकासाहेबांच्या मांडीवर मनकर्णाबाईंचा काठोकाठ भरलेला हंडा आला.

"सांडू नगा हां, मालक," त्या म्हणाल्या. "गाडी तुमचीच व्हय? कपड्यावरून वाटतंच. मंग उद्या किती वाजता यिणार?"

"उद्या नाय. ही सुट्टीच्या दिवशीच..."

"तहानंला सुट्टी असती व्हय?"

तीस बाया काकासाहेबांकडं पाहत होत्या. खड्डा आला, हंडा हिंदकळला, त्यांचं धोतर भिजलं.

"सात वाजता," काकासाहेब हळूच म्हणाले.

"शब्द द्या."

काकासाहेबांनी शब्द दिला. हंड्यामुळं हात अडकले होते, नाहीतर हातही जोडले असते.

वस्तीवर बाया उतरल्या. बस पुंडलिकनगरात शिरली तेव्हा सूर्य पाण्याच्या टाकीवर टेकला होता. प्लॉटचं फाटक वीस पावलांवर आलं, आणि बस खोकली, थरथरली, गप्प झाली. इथं उतार नव्हता. अंगदनं डोक्याला हात लावला. एक पॅसिंजर उतरायला उठला.

"खाली बस!" काकासाहेब गरजले.

ते स्वतः उतरले. ओलं धोतर खोचलं, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना पाहिलं, आणि मागं जाऊन बसला खांदा लावला.

"अवो मालक, अट!" त्रिंबकराव घाबरून ओरडले.

"अट गेली खड्ड्यात! सकाळी सातला त्या बाईला तोंड कोण दावणार, तू?"

सारजाबाईंनी दोरी ओढून दोनदा घंटी मारली.

"अगं, इंजिन बंद हाय," त्रिंबकराव म्हणाले.

"तुमचं असंल," सारजाबाई म्हणाल्या. "मागचं आत्ताच चालू झालंय."