मोहनरावांनी केलेली पडताळणी

परळीत यापुढे पत्रकाराच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं मी फेब्रुवारीत जाहीर सभेत सांगून टाकलं. सभेला अकरा जण होते, पण जाहीर म्हणजे जाहीर. युरोपातल्या एका बड्या माध्यमस्वातंत्र्य संस्थेने आमच्या पत्रकार सुरक्षा समितीला ‘समान भागीदार’ करून घेतलं होतं. समान म्हणजे असं, की बेचाळीस पानांचा करार त्यांनी लिहिला आणि बेचाळीस सह्या मी केल्या.

बदल्यात माझ्या मोबाइलमध्ये एक लाल बटण आलं. संकटात दाबायचं, की युरोप धावून येणार.

वेळ मे महिन्यात आली. वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेचे व्यापारी मोहनराव गाड्या भरभरून राख ओढ्यात ओततात, याचे फोटो बंकटने काढले होते. बंकट आमच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर, मी संपादक. छापण्याआधी समोरच्याची बाजू घ्यायची, हा माझा नियम. म्हणून गुरुवारी दुपारी एकला आम्ही मोहनरावांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी बाजू सांगितली, चहा पाजला आणि जाताना बाहेरून कडी लावली.

‘‘सा वाजता तुमचा पेपर छापायला जातो ना?’’ ते खिडकीच्या गजांतून म्हणाले. ‘‘सव्वासाला सोडतो. तवर बसा निवांत. पंखा चालू हाय.’’

कॅमेरा त्यांनी घेतला. कार्ड मात्र बंकटच्या मोज्यात होतं. फोन राहू दिले, घरच्यांनी जेवायला खोळंबू नये म्हणून.

‘‘पोलिसांना फोन लावा की,’’ बंकट म्हणाला.

‘‘पडताळणी होईस्तोवर परस्पर कुणाला कळवायचं न्हाई. करार हाय. पान एकोणीस.’’

‘‘लिवलं कुणी ते?’’

‘‘त्यांनी.’’

‘‘आन वाचलं कुणी?’’

मी बटण दाबलं.

युरोप तत्पर. बारा मिनिटांत मलाच फोन आला. मार्टिना नावाच्या अधिकारी बाई म्हणाल्या, परळीत दोन पत्रकारांना कोंडल्याची सूचना आहे, स्थानिक भागीदार म्हणून आपण खात्री कराल का?

‘‘केली. आत मीच आहे.’’

बाई हळहळल्या. पीडिताला स्वतःची पडताळणी करता येत नाही म्हणे, हितसंबंध येतात. घटनास्थळी दुसरा कुणी जाणकार माणूस?

मी गजांतून पाहिलं. एकच होता.

मोहनरावांना इंग्रजी येत नाही. पण त्यांची लेक तेजश्री पुण्याहून सुट्टीला आली होती. तिला बोलावलं आणि माझा फोन गजांतून बाहेर गेला.

‘‘पप्पा, त्या विचारतात, दार कुणी बंद केलं?’’

‘‘म्या. खोटं कावून बोलू?’’

‘‘तुम्ही स्वतः पाहिलं का?’’

‘‘म्या लावलेली कडी मलाच दिसंना व्हय?’’

‘‘त्या आभार मानतात. म्हणतात, इतका स्पष्ट साक्षीदार लई दुर्मीळ.’’

मोहनराव खुलले. खुर्ची मागवली. पण प्रश्न एकूण चौसष्ट होते. कडी कशाची? आतल्यांना पाणी मिळतं का? हे सगळं पाहून साक्षीदाराला मानसिक आधार हवा का? विसाव्या प्रश्नाला त्यांचा घसा बसला. तिसाव्याला बंकट घोरू लागला. पाच वाजता, सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला मोहनरावांनी कडी काढली.

‘‘निघा हो तुमी. काय छापायचं ते छापा, पन ही बाई माज्या कानातून काढा.’’

पावणेसहाला आम्ही छापखान्यात पोचलो, तोच मार्टिनाबाईंचा मेल. तुमच्या सुटकेची हकिगत आधी आमच्या वार्षिक अहवालात येईल, तोवर बातमी थांबवावी. अहवाल डिसेंबरात.

डिसेंबरपर्यंत ओढा उरला नसता. मी बातमी छापली, फोटोसकट, पहिल्या पानावर. चौथ्या दिवशी ओढ्याकडे जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या.

पाचव्या दिवशी आमची भागीदारी बंद झाली. करारभंग, पान तेहेतीस.

डिसेंबरात अहवाल आला. आमची सुटका ‘संस्थेच्या चार तासांच्या अथक हस्तक्षेपामुळे’ झाली होती. परळीसाठी नवा समान भागीदारही नेमला होता. प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देणारा आणि स्वतःचं ऑफिस असणारा.

बटण अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, ते काढायची सोयच नाही. गेल्या आठवड्यात खिशात चुकून दाबलं गेलं. युरोपाने लगेच पडताळणीचं काम सोपवलं असावं, कारण बारा मिनिटांत मोहनरावांचा फोन आला.

‘‘संपादक, कुटं कोंडलंय तुमाला? म्या आताच बघून आलो, माज्याकडं तर न्हाईत तुमी.’’