एकच मजला वर

नियोजनरावांनी हमाल सांगितले नाहीत, सगळं तिथूनच बिघडलं.

दुसऱ्या मजल्यावरचं घर सोडून त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. मालक तोच, जिना तोच, शेजारी तेच. वरच्या घराला एक खोली जास्त, इतकाच काय तो फरक.

"एकच मजला तर आहे," ते फोनवर बायकोला म्हणाले. "त्याला हमाल कशाला? हात आहेत, पाय आहेत, जिना आहे. अजून काय लागतं?"

(अक्कल, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं असावं. पण ती मोठी संयमी बाई.)

नियोजनराव हे नाव त्यांना कचेरीत पडलं होतं. पाणीपुरवठा खात्यात ते नियोजन विभागात होते. शहरात पाणी कधी येणार हे शहराला कधीच कळायचं नाही, पण नियोजन मात्र पक्कं असायचं. बायको इंजिनिअर. दोन दिवसांच्या प्रवासावर, लांबच्या एका नदीवर ती पूल बांधत होती. हत्तीएवढ्या लोखंडी तुळया या काठावरून त्या काठावर नेऊन ठेवणं हे तिचं रोजचं काम.

"मी येऊ का चार दिवस?" तिने विचारलं. "रजा आहे माझी. दोघं मिळून उरकून टाकू."

"अजिबात नाही! ती रजा समुद्राची आहे."

दोघांनी मिळून कुठे जाऊन वर्षं लोटली होती. तिला रजा मिळाली की याच्या कचेरीत कामं निघायची, आणि याला सवड झाली की तिकडे नदीला पूर यायचा. या खेपेला कसाबसा मेळ बसला होता. समुद्रकाठी खोलीसुद्धा ठरली होती. आता त्यातले चार दिवस भांडीकुंडी हलवण्यात गेले असते तर समुद्राला लांबूनच नमस्कार करावा लागला असता. आणि नियोजनरावांना समुद्राचं तरी एवढं कुठे पडलं होतं? त्यांना बायको हवी होती. फोनमध्ये ती रोज दिसायची, पण फोनमधली बायको वेगळी आणि शेजारी बसून आपल्याच ताटातला घास उचलणारी बायको वेगळी.

"तू बिनघोर राहा," ते म्हणाले. "मी एकटा पुरून उरेन."

बेत असा, की रोज संध्याकाळी कचेरीतून आलं की चार वस्तू वर न्यायच्या. थेंबे थेंबे तळे साचे. तळं साचलंही, फक्त ते दोन ठिकाणी साचलं.

आठवडा उलटला तेव्हा शेगडी खाली आणि काडेपेटी वर होती. चहाची पूड खाली, साखर वर आणि गाळणं देव जाणे कुठे. पलंग खाली राहिला आणि गजराचं घड्याळ वर गेलं. मग भल्या पहाटे तिसऱ्या मजल्यावर गजर कोकलायचा आणि दुसऱ्या मजल्यावरून नियोजनराव पायजमा सावरत तो बंद करायला धावायचे. वरच्या घराशेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई तोवर दारात येऊन उभ्या.

"तुमचं घड्याळ आम्हाला उठवतं," त्या म्हणायच्या, "आणि आम्ही तुम्हाला. नीट जमलंय की!"

एके दिवशी तर कहर झाला. दाढीचं सामान खाली आणि आरसा वर. तोंडाला फेस फासून, हातात वस्तरा घेऊन नियोजनराव जिना चढत होते. वरून बाईंचं एक नवीन गिऱ्हाईक उतरत होतं. ते किंचाळलं आणि जे पळालं ते पुन्हा फिरकलं नाही. त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी तुटक बोलू लागल्या.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. "झालं का रे?" असं ती रोज विचारायची आणि "होत आलंय," असं हे रोज सांगायचे. (कचेरीत याच उत्तरावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती.) शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "दाखव बघू घर. फोन फिरव जरा."

नियोजनरावांनी वरचं स्वयंपाकघर दाखवलं. फळ्यांवर डबे मांडलेले होते. तिला आवडलं.

"आता झोपायची खोली दाखव."

झोपायची खोली अजून खालीच होती. नियोजनरावांनी फोन छताकडे केला, मोठ्याने खोकले आणि जिना उतरू लागले.

"अरे, हे काय? पायऱ्या उतरतोयस का तू?"

"छे! जरा उंचसखल बांधलंय घर. मालक हौशी आहेत."

नेमके तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दार उघडून बाहेर आले. मास्तरांना आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय. ते गरजले, "काय नियोजनराव! आज कोणत्या घरी झोपणार?"

बायकोचा चेहरा पडद्याजवळ आला.

"कोणत्या घरी म्हणजे?" बायकोने अगदी हळू विचारलं.

"अगं, मास्तरांचं वय झालंय."

"माझं वय झालेलं नाही!" मास्तर फोनमध्ये डोकावले. "वहिनी, तुम्ही तिकडे लांब. यांच्याकडे लक्ष द्यायला हवं कुणीतरी. परवा मध्यरात्रीपर्यंत खाली होते आणि पहाटे वरच्या बाईंच्या दारात! तेही नुसत्या पायजम्यावर!"

(मास्तरांच्या मनात काही नव्हतं. पण वाक्यं कुठे थांबवावीत हे त्यांना कधीच कळलं नाही.)

आता गजरापासून काडेपेटीपर्यंत सगळं कबूल करणं भाग पडलं. बायकोने ऐकून घेतलं आणि साइटवर बोलतात त्या आवाजात सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी मी फोन करेन. तू वरच्या घरात, आपल्या सोफ्यावर बसलेला दिसला पाहिजेस. नाही दिसलास तर मी निघाले. समुद्र गेला उडत."

शनिवारी नियोजनरावांनी नाक मुठीत धरून दोन हमाल आणले. पलंग गेला, कपाट गेलं, राहिला तो सोफा. लांबलचक, जडशीळ. हमालांतल्या थोरल्याने एकदा सोफ्याकडे आणि एकदा जिन्याकडे पाहिलं.

"साहेब, वळणावर बसेल ना हा?"

"अहो, रस्त्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, तो तिसऱ्यावर जाणार नाही?" नियोजनराव हसले. "जिना तोच आहे."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. फक्त सोफा पहिल्यांदा घरी आला तेव्हा आपण कुठे होतो, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. ते कचेरीत होते. सोफा बायकोने चढवून घेतला होता.

वळणावर सोफा बसला. अगदी घट्ट बसला. एक हात कठड्यात अडकला, दुसरा भिंतीत रुतला. पुढे रेटला तर भिंत ओरबाडायची आणि मागे ओढला तर कठडा कण्हायचा. हमालांनी तासभर घाम गाळला. मग त्यांना दुसरीकडचं काम आठवलं आणि ते गेले. तिसऱ्या मजल्याचा जगाशी संबंध तुटला.

निदान माणसांना ये-जा तर करता यायला हवी होती. बाईंची गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन सोफ्यावरून चढू-उतरू लागली. मास्तर खालच्या पायरीवर उभे राहून "आता डावा पाय! शाबास!" असं सांगू लागले. नियोजनराव वर-खाली हात जोडत फिरत होते. एवढ्यात फोन वाजला.

त्यांनी क्षणभर विचार केला. (करायला नको होता.) सोफ्यावर बसलेलं दिसायचं ना? मग सोफा तर समोरच होता! ते टुणकन त्यावर चढून बसले. सोफा एका अंगाला कलला होता, म्हणून त्यांनी फोनही तेवढाच कलता धरला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

"अरे वा!" बायकोचा चेहरा उजळला. "केलंस की रे! मला खरंच वाटलं नव्हतं."

हे ऐकून नियोजनरावांना इतकं बरं वाटलं की लाजही तितकीच वाटली. समुद्र हाताशी आला होता. आता दोन वाक्यं बोलून फोन ठेवायचा, की झालं.

"जरा पाय वर घेता का हो?" असं म्हणत एक बाई कापडाचं गाठोडं घेऊन त्यांच्या मांडीवरून पलीकडे गेली.

"ही कोण?"

"शेजारी."

"ती आपल्या सोफ्यावरून का चालतेय?"

"सवय आहे तिला."

मागोमाग आणखी दोघी गेल्या. नियोजनरावांचा हात सुटून फोन सरळ झाला आणि बायकोच्या पडद्यावर अख्खं जग तिरकं झालं. कठडा दिसला, पायऱ्या दिसल्या, खाली मास्तर दिसले. मास्तरांनी हात हलवला.

आता ती ओरडणार, रजेचा अर्ज टाकणार, निघणार. नियोजनरावांनी डोळे मिटले. त्यांना चक्क रडू येत होतं.

"फोन मास्तरांकडे दे," ती म्हणाली, "आणि आधी खाली उतर. सोफ्याचे पाय फिरवून काढ. ते निघतात. मग एका टोकावर उभा करून वळवा."

पुढे जे झालं ते पाहण्यासारखं होतं. मास्तरांनी फोन उंच धरला. शेकडो कोसांवरून हुकूम येऊ लागले, "डावीकडे... थांबा... आता वर... बाई, तुम्ही सोडू नका!" बाई, त्यांची दोन गिऱ्हाइकं आणि नियोजनराव मिळून रेटत होते. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सोफा वळण पार करून दारात पोचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोसुद्धा हसत होती. रजा वाचली!

आता फक्त उंबरठा ओलांडायचा होता. सगळे पुढे सरसावले, तेव्हा नियोजनरावांच्या अंगात वारं शिरलं.

"बाजूला व्हा. एवढं तर मी एकटा करतो."

त्यांनी सोफ्याचं टोक उचललं. कट्ट असा आवाज झाला. सोफ्याला काहीही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, सपाट जमिनीवर महिनाभर उताणं पडून राहायचं. सोफा वर्ज्य, प्रवास तर मुळीच नाही. शुश्रूषेला थोरल्या भावाकडून आई आली. ठरल्या दिवशी बायकोही रजा घेऊन आली. नव्या घरात चहूकडे फिरली, भिंतीवरून हात फिरवला आणि नवऱ्याच्या उशाशी येऊन बसली. नियोजनरावांना भरून आलं. समुद्र नसला म्हणून काय झालं? बायको तर शेजारी होती. अशा वेळी माणसाने मोठं मन दाखवावं. दाखवायला काही जात नाही, समोरचं माणूस नाहीच म्हणतं.

"माझ्यापायी तुझी रजा फुकट नको जायला," ते क्षीण आवाजात म्हणाले. "खोली ठरलेली आहे. तू आईला घेऊन जाऊन ये."

आणि ते थांबले. 'तुला असा टाकून कशी जाऊ रे?' हे ऐकायला त्यांनी मान किंचित वळवलीसुद्धा.

"खरंच? बरं झालं तूच म्हणालास," बायको म्हणाली. "मास्तर दोन्ही वेळचं जेवण आणून देतो म्हणालेत."

"माझी बॅग भरून झालीये गं!" आतून आईचा आवाज आला.

दोघी हसत, बोलत जिना उतरून गेल्या. नियोजनराव छताकडे बघत त्यांची पावलं ऐकत राहिले. पार खाली पोचल्यावर आईला काहीतरी आठवलं. तिथूनच ती मायेने ओरडली, "बाळा, दाराला आतून कडी लावून घे हं!"