बनसाई

माघ वद्य पंचमी. पापड करायला घेतले होते. लाट्या कापायला दोरा हवा, तर रीळ जागेवर नाही. म्हणजे ते शेजारच्या भास्करभाऊजींकडे. चाळण आणि कातर आधीच तिकडे गेली होती.

गेले, तर भाऊजी ओट्यावर मांडी घालून लाकडी फणीने मुळं विंचरत होते. झाडाची.

लढाईआधी गोदीत कारकून असताना त्यांनी एका जपानी जहाजावर थाळीत लावलेलं वीतभर झाड पाहिलं, तेव्हापासून हे वेड. नर्सरीवाल्याने वाकडी म्हणून कोपऱ्यात टाकलेली मोरपंखी स्वस्तात उचलायची, मुळांचा गुंता सोडवायचा, जाड मुळं छाटायची आणि दोऱ्याने बांधून उथळ थाळीत बसवायची. त्याला ते ‘बनसाई’ म्हणत. आळीतल्या बायकांना वाटलं, कुठली तरी देवी. मंगळवारी कुंकू वाहून गेल्या. भाऊजी दिवसभर पानावरचं कुंकू फुंकत बसले.

“वहिनी, हात लावू नका! सगळी जुनी माती झाडायची नसते. मूठभर ठेवायची, नाहीतर झाड रुसतं.”

“माझा दोरा द्या. तिकडे पापड रुसलेत.”

भाऊजी विधुर. एकुलती एक सुमन आगाशीला दिलेली. दिवाळसणाला जावई आले. केळीच्या बागेतला माणूस! भाऊजींची सर्वांत लाडकी मोरपंखी बघून कळवळले, “किती खुरटलीय बिचारी!” आणि सासऱ्यांना खूश करायला पहाटेच विहिरीमागे खड्डा खणून, मासळीचं खत घालून त्यांनी ती जमिनीत लावली.

“पुन्हा माझ्या अंगणात पाऊल टाकू नका!” भाऊजी ओरडले होते. तेव्हापासून येणंजाणं बंद.

मी रीळ सोडवून घेत होते, तेवढ्यात अर्नाळ्याची कोळीण पाटी घेऊन आली.

“बाबा, आगाशीला तुमची सुमन भेटली. सातवा लागलाय. बापाचं मूळ कवा येनार, इचारते.”

पहिलं बाळंतपण माहेरी. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, तेच मूळ. ते गेल्याशिवाय ती येणार कशी?

भाऊजींची फणी जोरात चालू लागली. “आत्ता वेळ नाही. मुळं उघडी आहेत.”

“दिवाळीपासून मुळंच छाटताय,” मी म्हटलं. “आता एक मूळ धाडा की!”

भाऊजी उठून विहिरीमागे गेले. जाताना रीळही उचलून नेलं, म्हणून मीही गेले. तिथे ती मोरपंखी हिरवीगार उभी होती. उन्हाच्या बाजूने झावळ्यांचा आडोसा केलेला, आळं ओलं.

“ही उपटून परत थाळीत नाही लावलीत?”

“खड्डा जावयाने खणला, पण माती सुमनने लोटली होती. उकरवेना.” ते झावळी उगाच सारखी करू लागले. “मी एवढं बोललो. ते मला दारात उभं करतील, वहिनी?”

“मूळ म्हणून गेलात तर पाट मांडतील. पापड घेऊन जा.”

“आणि थाळ्यांना पाणी?”

“मला येत नाही का पाणी घालता?”

“चाळणीतून शिंपडा. धार नको!”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी धुतलेलं धोतर नेसून आगाशीला निघाले. उरलेले पापड मी उन्हात घातले, थाळ्यांवर चाळणीतून पाणी शिंपडलं आणि विहिरीमागच्या झाडाला बादलीभर ओतलं.