अनुभवाचा दाखला

सुधीर टिपणीसने अकरा सुतळ्यांच्या गाठी सोडवायला पुरते चार तास घालवले. काही नखाने सुटल्या, काही दाताने. शेवटची सुटली तेव्हा त्याने सगळी सुतळी गुंडाळून तिचा नारळाएवढा गोळा केला, टेबलावर ठेवला आणि दोन पावले मागे सरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. उद्या निरीक्षक येणार होते. सहा आठवड्यांत आपण या दुकानात काहीच केले नाही असे म्हणायला आता कुणाला जागा उरली नव्हती.

दुकान कल्याणच्या गुणाजीशेठचे. मंडप, सतरंज्या, गॅसबत्त्या, हंडे-पातेली भाड्याने द्यायचे. सुधीर डोंबिवलीचा, कॉमर्सच्या वर्गात शिकणारा. इंटरची परीक्षा उरकली की एखाद्या धंद्यात सहा आठवडे राबायचे, मालकाचा दाखला आणायचा आणि तो युनिव्हर्सिटीच्या निरीक्षकाने प्रत्यक्ष येऊन पसंत करायचा, मग पुढच्या वर्गाचे दार उघडणार, असा त्याच्या कॉलेजचा नियम होता. दाखला नामंजूर झाला तर वर्ष पाण्यात. सुधीरच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवले होते, की वर्ष गेलेच तर पुढचे शिक्षण पोस्टात तिकिटे विकता विकता करावे लागेल.

म्हणून सुधीर पहिल्या दिवसापासून सुधारणेला लागला होता. त्याने पुस्तकात दिल्याप्रमाणे पुठ्ठ्याची कार्डे कापली, त्यांवर लाल शाईने रकाने आखले. ऑर्डर कुणाची, कधीची, माल कोणता, गाडी कोणती. कार्डे दिसायला फार सुरेख झाली होती. रिकामी होती एवढेच. कारण गुणाजीशेठला विचारावे तर ते म्हणत, "भिवाला विचार," आणि भिवाला विचारावे तर तो म्हणे, "समदं हाय," आणि भिंतीकडे बोट दाखवी. भिंतीवर खिळ्यांना जुनी सुतळी लोंबत होती आणि तिला चिंध्या बांधलेल्या होत्या. भिवा हा दुकानाचा मुकादम, मूळचा मिठागरावरचा, पन्नाशीचा. तो दोन दिवस पुतणीच्या लग्नाला कोपरीला गेला, तेव्हा सुधीरने पहिले काम केले ते ती भिंत स्वच्छ करण्याचे.

रामनवमीच्या दिवशी पहाटेच भिवा परतला. भिंतीपुढे उभा राहिला. मग खिळ्यावर आंधळ्यासारखा हात फिरवू लागला.

"गाठी कोनी सोरल्या?" त्याने विचारले.

सुधीरने मोठ्या उमेदीने सुतळीचा गोळा पुढे केला.

भिवा मटकन सतरंजीच्या गठ्ठ्यावर बसला. रागावला असता तर बरे झाले असते. पण त्याने शांतपणे सांगितले ते असे. एक सुतळी म्हणजे एक ऑर्डर. जितके खांब तितक्या लहान गाठी, जितक्या बत्त्या तितक्या दुहेरी, दिवस किती उरले ते टोकाला. पांढरी चिंधी तेराव्याची, हिरवी बारशाची, भगवी देवाच्या कामाची. गेली सव्वीस वर्षे दुकान त्या सुतळ्यांवर चालले होते. "मना लिवता येत नाय," तो म्हणाला, "पन बोटांना वाचता येतं. तू बुक फारलंस रं माजं."

सुधीरने गोळा खाली ठेवला. त्याला पहिल्यांदा कळले, की या दुकानात कार्डांची पद्धत त्याच्या जन्माआधीपासून होती आणि ती भरलेलीही होती.

सुदैवाने मोठी गोष्ट भिवाच्या डोक्यात होती. आज आंबिवलीला रामजन्माचे कीर्तन. ठमाबाई म्हणून तिथल्या जमीनदार बाईंचा नवस, मंडप दुकानाचा, आणि बुवांना कल्याण स्टेशनावरून टांग्याने नेऊन पोचवायचे तेही दुकानाकडेच. कसाऱ्याच्या बाजूला गाड्या मोजक्या, म्हणून तसे ठरले होते. महिपतबुवा कर्जतकडचे, या बाजूला पहिल्यांदाच येणार, त्यांना कुणी पाहिलेले नाही. आणि ते कोणत्या गाडीने येणार हे तेवढे सुतळीत होते.

"आठची का साडेनऊची?" गुणाजीशेठने विचारले.

भिवाने हवेतच बोटे चाळवून पाहिली, पण हवेत गाठी कुठल्या. शेवटी तो म्हणाला, की साडेनवाची असावी. काळुराम टांगेवाल्याला तशी वर्दी गेली. खूण काय, तर धोतर, लांब कोट, डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणे, हातात पिशवी, आणि कुणाची तरी वाट पाहत असतील. गुणाजीशेठ आणि भिवा मंडप घेऊन आंबिवलीला निघाले. सुधीर निरीक्षकांसाठी दुकानात थांबला. जाताना गुणाजीशेठ इतकेच म्हणाले, "टिपणीस, आता कशालाही हात लावू नका. सतरंजीलासुद्धा."

साडेनऊच्या सुमाराला दुकानाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, कोट, पगडी, घामाने डबडबलेले. गुणाजीशेठचे दुकान हेच का, म्हणून त्यांनी विचारले. निरीक्षकांना सुधीरने कधी पाहिले नव्हते, फक्त त्यांची सही पाहिली होती. या गृहस्थांच्या चेहऱ्यावर त्या सहीसारखाच भारदस्तपणा होता. सुधीरने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आपले निवेदन सुरू केले.

त्याने कार्डे दाखवली. रकाने समजावले. मालाची वर्गवारी, गोदामाची मांडणी, गिऱ्हाईक टिकवण्याची तत्त्वे. गृहस्थ मान डोलावत ऐकत होते. मध्येच त्यांनी "वा" म्हटले, तेव्हा सुधीरला आणखी चेव आला आणि त्याने धंद्यातील जोखमीचे तीन प्रकार सांगितले. साडेदहा वाजून गेले. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा गृहस्थांनी अगदी हळुवारपणे विचारले, "बाळ, वाणी चांगली आहे तुझी. पूर्वरंग छान रंगवलास. पण कीर्तन कुठे आहे? मी आठच्या गाडीने आलो, कुणी न्यायलाच आलं नाही."

हे निरीक्षक नव्हते. समोर महिपतबुवा बसले होते. मग काळुरामने साडेनऊच्या गाडीवरून उचलले ते कोण?

त्याला उत्तर माहीत होते. म्हणूनच तो टांगा शोधायला रस्त्यावर धावला.

मिळेल तो टांगा करून दोघे आंबिवलीकडे सुटले. रामजन्म बाराला. बारा म्हणजे बारा, तो काही गाडीसारखा उशिरा येत नाही. वाटेत सुधीरने सगळे कबूल केले, गाठींसकट. बुवा रागावले नाहीत. झांजा मांडीवर ठेवून ते म्हणाले, "रामाला काळजी आहे. तू घोड्याला काळजी करू दे."

तिकडे निरीक्षक, प्राध्यापक हरिहर उकिडवे, साडेनऊच्या गाडीने ठाण्याहून उतरले होते. ते जुन्या वळणाचे असल्यामुळे धोतर, कोट, पगडी, सगळे जागच्या जागी. 'प्रत्यक्ष काम चालू असेल तेथे न्यावे' असे त्यांनीच पोस्टकार्डावर लिहून कळवले होते. त्यामुळे काळुरामने "गुणाजीशेठकडं का?" म्हणून विचारले आणि काम आंबिवलीला आहे, लोक खोळंबलेत असे सांगितले, तेव्हा त्यांना या पेढीची शिस्त फार आवडली. मंडपाशी पोचताच ठमाबाईंनी त्यांचे पाय धुतले. हेही त्यांना आवडले. मग त्यांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, आणि निरीक्षकाला हार घालायचीच पद्धत असते म्हणून त्यांनी तो सवयीने स्वीकारला. पेटीवाल्याने सूर धरला, तबल्यावर थाप पडली, चारशे माणसे सरसावून बसली, तेव्हा मात्र त्यांना काहीतरी चुकल्याची शंका आली.

त्यांनी ठमाबाईंना बाजूला घेऊन सांगून पाहिले, की मी तो नव्हे, मी कॉमर्स शिकवतो. ठमाबाई हात जोडून म्हणाल्या, की महाराज, तुम्ही आधी काय करीत होता ते आम्हाला कशाला, हार पडला, आता तुम्ही नारदाच्या गादीवर. आरती झाल्याबिगर उतरायचं न्हाय.

आणि ते खरेच आहे. ती गादी साधी नव्हे. तिच्यावर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या बळावर बोलतच नसतो.

सुधीर आणि बुवा मंडपाच्या तोंडाशी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. उकिडवे पगडी सावरत उभे होते आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायच्या तीस वर्षांच्या सवयीने थेट बाहेर ऐकू येत होता.

"तर श्रोतेहो, अयोध्येत सगळं होतं. धान्य होतं, सोनं होतं, हत्ती होते. मालाचा तुटवडा नाही. पण राजाची मागणी एकच होती, आणि त्या मालाचा पुरवठा काही होईना. आता मला सांगा, मागणी वाढली आणि पुरवठा नाही, म्हणजे काय होतं?"

"भाव वाढतो," मागून एक म्हातारा म्हणाला.

"भाव वाढतो," उकिडवे म्हणाले आणि स्वतःच चमकले. थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरोबर. भाव वाढतो. बाजारातला भाव निराळा, दशरथाचा भाव निराळा, पण वाढतो तो तसाच."

मंडपात एकदम "वाहवा" उठली. म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. भिवा खांबाला टेकून तोंड उघडे टाकून ऐकत होता.

सुधीर बुवांना म्हणाला, की आता तुम्ही पुढे व्हा, मी त्यांना उतरवतो. बुवांनी त्याचा दंड धरला. "काय बोलतोस? हार त्यांच्या गळ्यात आहे. आज नारद ते." आणि तो सत्तरीचा कीर्तनकार गुपचूप मागे जाऊन टाळकऱ्यांत उभा राहिला आणि झांजा काढून सुधीरच्या कानात कुजबुजला, "मी खूण केली की त्यांना सांग, यज्ञातल्या खिरीवर या. दहा मिनिटं आहेत."

खूण होताच सुधीर गादीमागून पुटपुटला, "सर, खीर." उकिडवे मागे न वळता म्हणाले, "कोण?" सुधीर म्हणाला, "टिपणीस, सर. परीक्षार्थी." उकिडवे खिरीवर आले. तीन राण्यांत खीर कशी वाटली, कौसल्येने आपल्यातला वाटा कसा दिला, आणि दिल्याने जे वाढते ते कुठल्या पुस्तकात बसत नाही, हे सांगताना ते पगडी सावरायचेही विसरले. घड्याळाचे दोन्ही काटे जुळले. बुवांनी मागून असा काही नामघोष उचलला, की मंडपाच्या कनाती हलल्या. फुले उडाली, गुलाल उडाला, पाळण्याची दोरी ठमाबाईंनी ओढली, आणि सुधीर, ज्याचे वर्ष त्या क्षणी हवेत लोंबकळत होते, तो सगळे विसरून टाळ्या वाजवत होता.

मग चारशे माणसे रांगेने उकिडव्यांच्या पाया पडली. महिपतबुवाही पडले. उकिडवे त्यांना उठवून उलट वाकू लागले तर बुवा म्हणाले, "माझ्या पाया नंतर पडा. आधी हार उतरू दे." सर्वांत शेवटी सुधीर वाकला.

"सहा आठवड्यांत काय केलंस?" उकिडव्यांनी त्याला वाकलेला असतानाच विचारले.

खोटे बोलायला ती जागा नव्हती. सुधीरने गाठींचे सांगितले. दाताने सोडवल्याचेही सांगितले. भिवाने पुढे होऊन म्हटले, की पोर मनाचा चांगला हाय, फकस्त हात लय चालतो.

उकिडवे सतरंजीवर बसले. मग प्रसादाची पत्रावळ मांडीवर घेऊन त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला, पेन उघडले आणि लिहिले, की विद्यार्थ्याने धंद्याची मूळ पद्धत मुळापर्यंत सोडवून पाहिली आहे, आणि ती पुन्हा बांधण्यासाठी तो आणखी दोन आठवडे दुकानातच राहील, या अटीवर मंजूर. खाली सही केली. सुधीरने कागद कपाळाला लावला.

त्याने निघायचे म्हणून चपला शोधल्या, तेवढ्यात उकिडव्यांनी त्याला खांबाआड बोलावले. चारशे माणसांसमोर न डळमळलेला तो माणूस आता घाबरलेला दिसत होता.

"टिपणीस, एक काम होतं. बाराला नैवेद्याला घरी येतो म्हणून मी सुमतीला, म्हणजे आमच्या घरी, शब्द दिला होता. आता तीन वाजलेत. ती मला वीस वर्षं कीर्तनाला चला म्हणते आणि मी वीस वर्षं काम आहे म्हणतो. आज मी जाऊन सांगितलं की कीर्तन केलं, तर ती विश्वास ठेवील?"

सुधीरने प्रामाणिकपणे सांगितले, की आपणही ठेवला नसता.

"तेच म्हणतो मी. तुमच्या पेढीच्या कागदावर चार ओळी मिळतील?"

सुधीरने गुणाजीशेठकडून छापील कागद घेतला आणि सुरेख अक्षरात लिहिले, की दाखला देण्यात येतो तो असा, श्री. हरिहर उकिडवे यांनी चैत्र शुद्ध नवमीस आमच्या कामावर सकाळपासून मन लावून काम केले, नेमून दिलेले काम वेळेवर पुरे केले, वर्तणूक चांगली, अनुभव नसतानाही शिकण्याची तयारी दिसली. गुणाजीशेठने विचार करून आणखी एक ओळ घालायला सांगितली, की पुढील वर्षीही यांनाच पाठवावे. मग खाली सही ठोकली.

उकिडव्यांनी तो कागद दोनदा वाचला. 'अनुभव नसतानाही' हे शब्द खोडावेत का, असे सुधीरने अदबीने विचारले.

"छे, राहू दे," ते कागदाची घडी जपून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत म्हणाले. "तेवढं वाचलं की तिला बाकीचं खरं वाटेल."